बोर बंद

उधवा,
शनिवार, १० जानेवारी २०२६

प्रिय आत्या,

तुला कागदावरूनच वाकून नमस्कार. मी निघताना तू दम भरला होतास, "फोन करू नकोस, मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी भलतंच ऐकते. पत्र लिही." डहाणूच्या पोस्टात जन्म घालवलेल्या बाईला दुसरं काय सुचणार! तर हे घे पत्र. आमच्या आरोग्य केंद्रातल्या भाविका सिस्टर रोज डहाणूहून इकडे अपडाऊन करतात, त्या पर्समधून आणतील. उत्तरही त्यांच्याकडेच दे. तिकीट लावलं नाही म्हणून रागावू नकोस.

खोली बरी आहे. समोर चिंच, मागे घरमालकिणीच्या कोंबड्या. नेटवर्क मात्र फक्त केंद्राच्या पायरीवर येतं, त्यामुळे माझं ऑफिस म्हणजे ती पायरी.

आता कामाचं. इथल्या खालच्या पाड्यावर गॅस्ट्रोची साथ आली आहे. उलट्या, जुलाब, आणि जास्त करून लहान पोरं. केंद्रातल्या खाटा भरल्यात. पाण्याचे नमुने तपासायला गेलेत, रिपोर्ट आला की नक्की कळेल. काल डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं, "रुचिता, औषध आम्ही देतो. पण साथ पाड्याबाहेर जाता कामा नये, आणि पाड्यावर आणखी एकही पोर आजारी पडता कामा नये. लोकांना वेळेवर कळवायचं काम तुझं." आत्या, इतकं मोठं काम मला आजवर कुणी दिलेलं नाही. मला ते जमायलाच हवं.

आतापर्यंत सूचना फळ्यावर लिहायचे नाहीतर रिक्षाला भोंगा लावून फिरवायचे. भोंगा टेकडीपलीकडे ऐकू जात नाही आणि फळ्यावर बकऱ्या अंग घासतात. म्हणून मी मोबाइलवर उघडणारं एक पान बनवलंय. ते ज्या कॉम्प्युटरवर ठेवलंय तो इथे नाहीच, दूर कुठेतरी भाड्यानं घेतलेली जागा आहे. इथली वीज गेली तरी पान चालू. वाचणारे वाढले की जागाही आपोआप वाढते, त्यामुळे गर्दीनं बंद पडत नाही. याला क्लाउड म्हणतात. मी पायरीवर बसून एक शब्द बदलला की वाचणाऱ्या सगळ्यांकडे तो बदलतो.

पानाच्या वर लाल पट्टी आहे, तातडीच्या सूचनेसाठी. तिच्यात शब्द थोडेच बसतात, पण मला त्याची भीती नाही. "तारेत एकही फुकटचा शब्द नको," हे लहानपणी तूच शिकवलंस ना!

समर्थच्या बोरनहाणाची तयारी कुठवर आली? रथसप्तमीला मी नक्की येणार.

तुझी,
रुचिता


डहाणू,
संक्रांत, १४ जानेवारी

चि. रुचूला भरभरून आशीर्वाद, आणि सोबत तिळगूळ. भाविकेनं वाटेत खाल्ला नसेल तर मिळेल.

अगं, तुझ्या पानानं इथे काय धमाल उडवून दिली, काय सांगू! ढगातून पाऊस पडतो हे ठाऊक होतं, सूचना पडतात हे आत्ता कळलं. परवा आमच्या सूनबाईनं, सोनलनं, माझ्या मोबाइलवर ते उघडून दिलं. वर लाल पट्टी आणि तिच्यावर माझ्या भाचीचे शब्द: "उधवा परिसर: बोर बंद. पुढील सूचनेपर्यंत वापरू नये. मुलांना देऊ नये." वा गं पोरी! एक शब्द फुकटचा नाही. मी तो मजकूर सोनलला तीनदा मोठ्यानं वाचून दाखवला. ती बिचारी "हो आई, हो आई" करत होती.

आणि नुसती वाचून बसले असं समजू नकोस. तू साथ थांबवायला निघालीस आणि आत्या स्वस्थ बसेल? सगळ्यात आधी घरातली बोरं उकिरड्यावर टाकली. मग गल्लीतल्या सगळ्यांच्या सुगडांतली काढायला लावली. आमच्या सुगडांत यंदा गाजर, ऊस, हरभरा आणि बोरांच्या जागी चिकूच्या फोडी! हसू नकोस, वाडीतलेच चिकू होते. मला मजकूर काही कॉपी करता येत नाही, म्हणून सोनलनं ती निळी ओळ दाबून धरायची आणि पुढे पाठवायची हे शिकवलं. मी ती महिला मंडळाला पाठवली, भजनी मंडळाला पाठवली, पोस्टातल्या जुन्या सगळ्यांना पाठवली. त्यांनी कुणाकुणाला पाठवली देव जाणे. काल तलासरीच्या एका बाईंकडून फिरून माझ्याकडेच आली!

बाजारात तुमच्या उधव्याची लाडकी बसते ना, बोरं घेऊन? गेली कित्येक वर्षं मी तिच्याकडूनच घेते. तिला जाऊन सांगितलं, "उचल टोपली. बोर बंद झालंय." ती म्हणाली, "बाई, झाडाची बोरं ही, यांना काय झालं?" मी म्हटलं, "पोरांची पोटं बिघडतायत यांनी. माझ्या भाचीनं सरकारी पानावर लिहिलंय. तुझ्या नातवंडांनाही देऊ नकोस." लोक जमले, सगळ्यांनी माझीच बाजू घेतली. ती टोपली उचलून बसकडे गेली. मला वाईट वाटलं, पण रोगराईपुढे भीड कसली? शेजारच्या शांताराम भाऊजींनी तर तुझ्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला, मोठा छापून आणला आणि बाजाराच्या तोंडाशी खळीनं चिकटवला. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना नोटिसा लावायला मिळत नव्हत्या, फार खूश आहेत.

आता मनातलं सांगते. बोरनहाण मी रद्द केलं. तुला माहीतच आहे, जतीन-सोनल एरवी सुरतेला, दरवर्षी काहीतरी निघायचं आणि राहून जायचं. फेब्रुवारीत समर्थ पाच पुरे करतो, म्हणजे हे शेवटचंच वर्ष. काळा झबला शिवून ठेवलाय, हलव्याचे दागिने मी स्वतः केलेत. पण बोरंच नाहीत तर बोरनहाण कसलं? तो कालपासून "दादी, मने बोर जोइए" करत मागे फिरतोय. मी त्याला म्हटलं, तुझ्या रुचूआत्याचा हुकूम आहे. आणि स्वयंपाकघरात जाऊन जरा रडून घेतलं.

असो. तुझ्या कामापुढे हे काहीच नाही. मला तुझा अभिमान वाटतो.

तुझी आत्या


उधवा,
१५ जानेवारी

आत्या, आत्या, आत्या!

बोर म्हणजे बोअरवेल गं!

जमिनीत पाइप घालून काढतात ते पाणी! खालच्या पाड्याच्या बोअरवेलचा रिपोर्ट खराब आला. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, "उधवा परिसरातील बोरचे पाणी बंद करण्यात आले आहे." पट्टीत बसेना, म्हणून मी "चे पाणी" काढून टाकलं. ऑफिसात सगळे बोर-बोरच म्हणतात, माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. काल तुझं पत्र वाचताना आधी मला इतकं हसू आलं की कोंबड्या पळाल्या. चिकूच्या फोडी, आत्या!

मग लाडकीपर्यंत आले आणि हसू पळालं.

कारण ती खालच्या पाड्यावरचीच आहे. परवा ती भरली टोपली घेऊन परतली आणि तिनं घरोघर सांगितलं, डहाणूत सरकारनं बोरं बंद केली, पोरांना देऊ नका. सगळ्यांनी ऐकलं! पोरांना बोरीच्या झाडाखाली जाऊ देत नाहीत, वाळत घातलेली बोरं फेकून दिली. आणि पाणी? ते जिथून भरत होते तिथूनच भरतायत. मी विचारलं तर म्हणाले, "आमच्यात बोर नाही, आमचा हापसा आहे." आत्या, तोच हापसा! त्याच्याखालीच ती बोअरवेल आहे. पाड्यावर तिला बोर कुणी म्हणतच नाही. माझ्या लाल पट्टीनं चांगली गोष्ट बंद केली आणि वाईट चालू ठेवली.

काल आणखी पोरं आली. त्यांत लाडकीची नात आहे, गंगी, चार वर्षांची. सलाइन लावलंय. डॉक्टर म्हणतात सुधारेल. मी तिच्या खाटेपाशी उभी होते आणि मला लाडकीच्या तोंडाकडे बघवेना.

कालच मी तुला मोबाइलवर लिहून पाठवलं होतं, "आत्या, घोळ झालाय, बोर म्हणजे फळ नाही." त्यावर तू गुलाबाचं फूल पाठवलंस. म्हणून आज हे पत्र. चूक माझी आहे, तुझी नाही. पाड्यावर भेटले त्यांना तोंडी सांगून आलेय, पण आता पट्टीचं काय करू ते सांग. पट्टीवर नुसतं "बोअरवेल बंद" लिहून भागेल का? मला आता स्वतःच्या एकाही शब्दाचा भरवसा वाटत नाही.

रुचिता


डहाणू,
१६ जानेवारी

रुचू,

भाविका दारात उभी आहे, तिची बस आहे, म्हणून भरभर लिहिते.

आधी तुला ओरडून घेते. तारेत शब्द वाचवायला शिकवला होता गं, अर्थ वाचवायला नव्हे! "चे पाणी" एवढ्यानं काय तुझा ढग फाटणार होता? आता मला ओरडून घेते. साठी उलटलेली बाई मी, बोर बंद वाचलं आणि एकदाही मनात आलं नाही की सरकार बोरीच्या झाडाला कुलूप कसं घालेल! भाचीचं नाव बघितलं आणि अक्कल खुंटीला टांगली. लाडकीला मी भर बाजारात उठवलं. आणि तिकडे तिची नात सलाइनवर.

आता ऐक. रडत बसायचं नाही. पोस्टात एक गोष्ट शिकले. पत्ता शहाण्याला कळेल असा लिहायचा नसतो, पोस्टमनला कळेल असा लिहायचा असतो. चिंचेखालचं घर म्हणतात ना, मग तेच लिहायचं. तर तू ऑफिसातले शब्द बाजूला ठेव. पाड्यावर जा, त्या पाण्याला कोण काय म्हणतं ते विचार, आणि म्हणतात तसंच लिही. हापसा म्हणतात तर हापसा लिही. इथे आम्ही बोरिंग म्हणतो, तेही लिही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी काय करता येतं बघ. आणि बोरांवरचा आळ काढ, नाहीतर त्या बायांचा सगळा हंगाम बुडेल.

पट्टी मोडून मोठी करायची तर कर. तुझ्या डॉक्टरांना सांग, आत्यानं सांगितलंय.

माझं काम मी करते. शांताराम भाऊजींना घेऊन आत्ता बाजारात निघाले, तो कागद फाडायला. त्यांचा चेहरा बघवत नाही. म्हणतात, "वहिनी, खळ चांगली घट्ट लावली होती हो."

मला एकाच गोष्टीची धास्ती आहे. मी ती निळी ओळ गावभर पाठवलीय. पेटीत पडलेलं पत्र परत काढता येत नाही, नियमच आहे. आता ते चुकीचं बोर कुठकुठल्या घरात जाऊन बसलं असेल?

आत्या


उधवा,
१९ जानेवारी

माझी गुणी, शहाणी, गावभर बोंब मारणारी आत्या,

बस खाली आणि वाच. तुला ज्याची धास्ती होती त्यानंच आम्हाला तारलं!

तुझं पत्र वाचलं आणि तशीच पाड्यावर गेले. विचारलं, लिहून घेतलं. परत येऊन पायरीवर बसले आणि पट्टी चांगली चार बोटं रुंद केली. आता तिच्यावर आहे: "खालच्या पाड्याच्या हापशाचं पाणी पिऊ नका. हीच ती बोरिंग, हीच ती बोअरवेल. पाणी टँकरचंच घ्या आणि उकळून प्या. झाडाची बोरं चांगली आहेत. धुऊन खुशाल खा." डॉक्टरांनी वाचलं, शेवटच्या ओळीवर थांबले. मला वाटलं कापतात. ते म्हणाले, "ही राहू दे."

आणि आता गंमत ऐक. तू पत्र पाठवलंच नव्हतंस गं, तू पत्ता पाठवला होतास! ती निळी ओळ म्हणजे माझ्या पानाचा पत्ता. ती जिथे जिथे गेली तिथे तिथे लोकांनी परत उघडली की आता नवा मजकूर दिसतो. तू ती भजनी मंडळापासून तलासरीपर्यंत पोचवलीस, तिथून ती उंबरगावला गेली, सुरतेला गेली. सरकारनं बोरं बंद केली, ही बातमी इतकी भारी होती की जो तो उघडून बघत होता. मी एवढे दिवस जीव तोडून लोकांना पान दाखवत होते, कुणी बघत नव्हतं. तू चूक पसरवलीस आणि दोन तालुके गोळा झाले. त्या गर्दीत साधं पान केव्हाच आडवं झालं असतं. आमचं हललंसुद्धा नाही. मी पायरीवर बसून आकडा वर जाताना बघत होते आणि एकटीच टाळ्या वाजवत होते.

एक शांताराम काकांचा कागद तेवढा बदलता आला नसता. तो तुम्ही फाडलात ते फार बरं केलंत.

गुजराती वाचणाऱ्यांसाठी भाविका सिस्टरनी मजकूर करून दिला. पहिल्या ओळीलाच हसायला लागल्या. त्यांच्यातही बोर म्हणजे दोन्ही!

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पट्टीखाली एक बटण केलंय, त्यावर कानाचं चित्र. दाबलं की आवाज येतो. आवाज कुणाचा माहीत आहे? लाडकीचा. मी तिच्यापुढे हात जोडले, सगळं खरं सांगितलं. तिनं आधी गंगीचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "माझ्याच तोंडानं सांगितलं होतं ना, मग आता माझ्याच तोंडानं फिरवते." आणि मोबाइलसमोर अशी काय ओरडली, "आयका रं, मी लाडकी! त्या हापशाचं पानी पिऊ नका!" की केंद्रातले पेशंट उठून बसले. पाड्यावर पोरं आता दिवसभर ते बटण दाबतायत. हापशाला साखळी लावली, टँकर रोज येतो. नवे पेशंट कमी होत चाललेत. गंगी काल घरी गेली. जाताना तिनं डॉक्टरांना विचारलं, "आता बोरं खाऊ?"

फक्त एक गोष्ट राहिली. मी लाडकीला म्हटलं, आमच्या समर्थचं बोरनहाण आहे, डहाणूला बोरं घेऊन ये. ती म्हणाली, "त्या बाईनं मला सगळ्यांच्या समोर उठवलं. आता सगळ्यांच्या समोर बोलवायला येऊ दे. नाहीतर माझी बोरं बाजारात येणार नाहीत." आणि आत्या, तिचं ऐकून बाकीच्या बायाही बसून आहेत. उधव्याचं एकही बोर डहाणूला येत नाही.

रथसप्तमी रविवारी आहे. बघ बाई, तुझं तूच.

रुचिता


डहाणू,
२१ जानेवारी

रुचू,

तिचं बरोबर आहे. मी येते.

शुक्रवारी सकाळच्या बसनं. आधी पानावर बघेन, तुझे डॉक्टर बाहेरच्या माणसांना पाड्यावर या म्हणतात का नको म्हणतात. नको असेल तर केंद्राच्या पायरीवर उभी राहीन आणि तिला तिथे बोलवीन. पाण्याची बाटली घरची आणते. तुझ्यासाठी चिकूची बर्फी आणते. डोळे वटारू नकोस, चांगली झालीय.

तिनं भर बाजारात ऐकून घेतलं, मी भर पाड्यात ऐकून घेईन. शांताराम भाऊजी "मीही येतो" म्हणून मागे लागलेत. त्यांना म्हटलं या, पण खळ घरी ठेवा.

आत्या


डहाणू,
रथसप्तमी, २५ जानेवारी

रुचू, माझी बाय,

शुक्रवारी पाड्यावर तू सगळं डोळ्यांनी पाहिलंस, तेव्हा ते पुन्हा लिहीत नाही. लाडकीनं मला सगळ्यांच्या समोर विचारलं, "आता बोरं चांगली का वाईट?" आणि मी ओरडून सांगितलं, "चांगली!" तेव्हा ती पोरं का टाळ्या वाजवत सुटली ते मला अजून कळलेलं नाही. हे आजचं ऐक, कारण तू पानाला चिकटून बसलीस आणि आली नाहीस. मी रागावलेली नाही. मुळीच नाही. थोडी.

सकाळच्या बसनं लाडकी उतरली. डोक्यावर टोपली, कडेवर गंगी, मागे आणखी चार बाया, त्यांच्याही टोपल्या भरलेल्या. मी बाजाराच्या तोंडाशी उभी होते, सगळं महिला मंडळ घेऊन. शांताराम भाऊजी पुढे झाले आणि त्यांनी तिची टोपली स्वतःच्या हातांनी उतरवून तिच्या जागेवर ठेवली. आम्ही घ्यायला वाकलो तर म्हणाली, "आधी बोरनहाणाची काढते, मग विकते." बाकीची उन्हं चढेपर्यंत संपली. मला वाटतं आज डहाणूत बोर न खाल्लेला माणूस सापडणार नाही.

दुपारी अंगणात पाट मांडला. समर्थ काळा झबला घालून, हलव्याचा मुकुट चढवून राजासारखा बसला. गंगी लाडकीच्या लुगड्याआडून बघत होती. अशक्त झालीय गं, डोळेच डोळे. समर्थनं तिच्याकडे पाहिलं, पाटावर सरकला आणि म्हणाला, "तू बी बेस ने." सुरतेचं पोर ते! सोनलनं माझ्याकडे पाहिलं. मी काय बघणार? डोळे भरून आले होते, समोर सगळंच पुसट. मी हलव्याचा हार समर्थच्या गळ्यातून काढला आणि गंगीला घातला. मुकुट त्याला, हार हिला. दोघं एका पाटावर, मांडीला मांडी लावून.

मग लाडकीला म्हटलं, "पहिली ओंजळ तू घाल." ती नको नको म्हणाली. मी म्हटलं, "अगं, बोरं तुझी, नात तुझी, मान तुझा." तिनं ओंजळ भरली आणि दोघांच्या डोक्यावर अशी काय ओतली! बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, सगळं अंगणभर. गल्लीतली पोरं तुटून पडली. गंगी पहिल्यांदा दचकली आणि मग हसायला लागली. इतकी हसली की तिला उचकी लागली. लाडकी माझ्या शेजारी उभी होती. म्हणाली, "दहा दिवसांमागं ही डोळे उघडत नव्हती." मी तिचा हात धरला. दोघीही रडलो आणि दोघीही हसलो. लोकांना काय वाटलं असेल ते वाटो.

संध्याकाळी ती गेल्यावर एक विचार आला आणि मन खाली बसलं. आज सकाळपासून मी तुझं पान उघडलेलं नाही. इतका आनंद झाला होता, म्हटलं त्यावर एखादं नवं पोर असलं तर? तू म्हणाली होतीस, दोन-तीन दिवस एकही नवा पेशंट आला नाही तर डॉक्टर साथ संपली म्हणतील. मला उघडायचा धीर होत नाही. तूच लिहून कळव.

तुझी आत्या


उधवा,
२८ जानेवारी

प्रिय आत्या,

दोन दिवस उशीर केला, कारण खात्री झाल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही हे आता मला कळलंय.

काल सकाळी डॉक्टरांनी सही केली. साथ संपली. पाड्यावर नवं कुणी नाही, केंद्रातल्या खाटा रिकाम्या. भाविका सिस्टर त्यातल्या एका खाटेवर दुपारी झोपल्या आणि कुणी त्यांना उठवलं नाही. दुसरी बोअरवेल खणायची आहे, तोवर हापशाला साखळी आणि टँकर चालू राहील, आणि पान यापुढे सगळ्या तालुक्यासाठी ठेवायचं ठरलंय. सांभाळायचं मीच. शब्द निवडताना आधी पाड्यावर विचारायचं, ही अट मीच घातली.

मी लाल पट्टी आणि तिच्याखालचं सगळं काढलं. डॉक्टर म्हणाले, जागा मोकळी दिसते, एखादा फोटो टाक. मी म्हटलं, नको. आज सकाळी बघितलं तर कितीतरी लोकांनी ते कोरं पान उघडलं होतं. कुणी पाठवलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. आपणहून उघडलं, काही नाही हे पाहिलं आणि बंद केलं. मी पायरीवर बसून राहिले. मला वाटतं इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

बसला जाताना लाडकी पायरीशी थांबली. टोपली भरलेली, गंगी बोटाला धरलेली. "दाखव," म्हणाली. मी मोबाइल पुढे केला. तिनं पांढऱ्या पडद्याकडे नीट निरखून पाहिलं.

"काही नाही ना?"

"काही नाही."

"मंग बेस," म्हणाली आणि बस पकडायला गेली.

आत्या, आज कळवण्यासारखं खरंच काही नाही. तेवढं सांगायलाच पत्र लिहिलं.

तुझी,
रुचू